एका पायात बूट

चौकटरावांना सहलीला बाहेर काढणं म्हणजे जुनं लाकडी कपाट अरुंद जिन्यावरून खाली उतरवणं. चार माणसं लागतात, कुठेतरी रंग खरवडतो, आणि कपाट शेवटपर्यंत आपण होऊन एक इंच सरकत नाही.

चौकटराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. फोटो आणि चित्रं यांना फ्रेमा करून देण्याचं त्यांचं दुकान होतं आणि नाव गल्लीनं ठेवलेलं होतं. गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, चित्रात कोण आहे, काय आहे याच्याशी यांना देणंघेणं नसे. ते चित्र उलटं करायचे, कडा चाचपायचे आणि विचारायचे, "पट्टी कुठली लावू?" एकदा एका बापानं मोठ्या कौतुकानं मुलाच्या लग्नाचा फोटो पुढे केला आणि म्हणाला, "कसा वाटतो जोडा?" चौकटराव फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "उजवीकडे अर्धा इंच कमी पडतोय." त्या दिवशी वहिनींनी मध्ये पडून सावरलं नसतं तर गिऱ्हाईक आणि फोटो दोन्ही गेले असते.

वहिनी म्हणजे चौकटरावांची बायको. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायच्या वहिनी आणि पट्ट्यांशी बोलायचे चौकटराव, अशी कामाची वाटणी होती. मोठी चित्रं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन टांगून द्यायची, हीही त्यांची पद्धत. चौकटराव शिडीवर चढायचे, वहिनी समोरच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. "डावी बाजू वर. जरा. अजून जरा. बास." वहिनी बास म्हणाल्या की चित्र सरळ झालं. पुढे वाद घालायची कुणाची बिशाद नव्हती, खुद्द चौकटरावांचीही नाही. चित्र सरळ आहे का ते दाखवणारी पाणसळ दुकानात होती, पण ती खिळ्यांच्या डब्याखाली, टेकू म्हणून.

संसार असा वर्षानुवर्षं झकास चालला. इतका झकास, की भांडायला सवड मिळाली नाही आणि बोलायलाही मिळाली नाही. दुकान बंद असायचं त्या दिवशी दोघं घरात समोरासमोर बसायचे, चहा व्हायचा, पंखा फिरायचा, आणि बऱ्याच वेळानं चौकटराव म्हणायचे, "सोनेरी पट्टी संपत आलीय." मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तर घरात त्या पट्टीखेरीज विषयच उरला नव्हता.

म्हणून मुलीनं आणि जावयानं परदेशातल्या दोन शहरांची सहल ठरवून दिली, तेव्हा वहिनींना आनंद झाला तशी धास्तीही वाटली. जग बघायची हौस त्यांना होतीच. पण त्याहून जास्त त्यांना एक गोष्ट बघायची होती, आणि ती कुणाजवळ बोलण्यासारखी नव्हती. दुकान नसलं, तर आपल्या दोघांत काय उरतं? काही उरत नसेल तर तेही एकदा कळलेलं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

चौकटरावांनी जाण्याआधीच अट घातली. "पहिलं शहर बघू. जीव रमला तर दुसरं. नाही रमला तर दुसऱ्याला लांबूनच नमस्कार आणि थेट घर." मुलगी बापाला ओळखून होती. दुसऱ्या शहराची गाडीची तिकिटं आदल्या संध्याकाळपर्यंत रद्द करता येतील, अशीच तिनं काढली होती. दुकान वहिनींच्या भावावर सोपवलं आणि जोडपं विमानात बसलं.

हॉटेलात पाय ठेवताच पहिली परीक्षा लिफ्टनं घेतली. बटण दाबलं तरी ती ढिम्म. मग एक परदेशी आजीबाई आत शिरल्या, त्यांनी एक कार्ड कुठेतरी टेकवलं आणि लिफ्ट निघाली, ती आजीबाईंच्या मजल्यावर. तिथून एक पैलवान चढला, त्यानं दोघांना आपल्या मजल्यावर नेलं. सगळ्या हॉटेलच्या मजल्यांची अशी यात्रा झाली, फक्त स्वतःचा मजला तेवढा आला नाही. शेवटी सामान उचलून दोघं जिन्यानं चढले. खोलीच्या दाराला किल्लीचं भोकच दिसेना, तेव्हा वहिनींना आपल्या हातातल्या किल्लीकडे नीट बघायचं सुचलं. ती किल्ली नव्हतीच, कार्डच होतं.

"हेच टेकवायचं होतं," त्या म्हणाल्या आणि दार उघडून हसत पलंगावर बसल्या.

चौकटराव हसले नाहीत. ते पलंगावरच्या चित्राची फ्रेम चाचपत होते. "कागदाची आहे," ते म्हणाले. "लाकडासारखा छाप मारलाय नुसता. लबाड आहेत लोक."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या दालनात पाव भाजायचं एक यंत्र होतं. एका बाजूनं पाव सरकत आत जायचा आणि खालून बाहेर पडायचा. चौकटरावांनी टाकलेला पाव बाहेर आला तो होता तसाच, गोराच्या गोरा. त्यांनी तो पुन्हा टाकला, चक्र फिरवून वेग कमी केला आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जाणकारासारखं बघितलं. पाव आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. मग पावाऐवजी धूर आला. वेटर धावला, खिडक्या उघडल्या, आणि वहिनी एका खांबाआड जाऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आपल्याबरोबर कुणी हसत नाही, एवढीच काय ती खंत होती.

शहर मात्र होतं राजेशाही. रुंद रस्ते, स्वच्छ फूटपाथ, कारंजी, आणि जमिनीखालून धावणारी गाडी. त्या गाडीत दोघं बसले ते बसूनच राहिले, कारण ती गोल फिरणारी होती आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं होतं. ते पुन्हा आलं तेव्हा चौकटरावांना डुलकी लागलेली होती. तिसऱ्या खेपेला वहिनींनी त्यांना दंड धरून खाली उतरवलं.

"फुकटात सगळं शहर फिरलो की खालून," वहिनी म्हणाल्या.

"दिसलं काय? अंधार," चौकटराव म्हणाले.

वहिनी हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या विषय काढत राहिल्या. "अहो, बघा तरी, केवढी मोठी बाग!" "कुंपण गंजलंय." "ती इमारत बघा, कशी ढगात गेलीय." "खिडक्यांच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या आहेत." "आणि तो पूल?" पुलाकडे चौकटरावांनी जरा जास्त वेळ बघितलं, वहिनींना आशा वाटली, आणि मग ते म्हणाले, "सोनेरी पट्टी मागवली असेल का तुझ्या भावानं?"

मेहुण्याला फोन तर उठल्याबसल्या चालू होते. तिकडे रात्र आहे का दिवस, याचा विधिनिषेध नव्हता. मेहुणा बिचारा झोपेतून उठून सांगायचा, "सगळं व्यवस्थित आहे भावजी, तुम्ही मजा करा." हे ऐकलं की चौकटरावांचा चेहरा आणखी उतरायचा. आपल्याशिवाय सगळं व्यवस्थित चालू आहे, ही कुठल्याही दुकानदाराला गोड बातमी नसते.

असे दिवस गेले आणि पहिल्या शहरातला शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत काय ते सांगायचं होतं. वहिनींनी हातातला शेवटचा पत्ता टाकला.

"आज इथल्या मोठ्या चित्रसंग्रहालयात जाऊ. जुन्या फ्रेमा आहेत म्हणे, सोन्याचा वर्ख लावलेल्या."

चौकटराव फोन खिशात टाकून उठले आणि पायांत चप्पल सरकवूनच दाराकडे निघाले. वहिनींनी मुलीनं घेऊन दिलेले नवे बूट चढवले. जाड तळव्याचे, पांढरेशुभ्र, चालायला फार छान म्हणून सांगितलेले, आणि टाचेला कुत्र्यासारखे चावणारे.

संग्रहालयात चौकटराव पहिल्यांदा माणसात आले. लोक चित्रांसमोर मान तिरकी करून उभे होते, हे कोपऱ्यांना नाक लावून. "अगं, सांधा बघ सांधा! नख जात नाही मध्ये." "हा वर्ख बघ, हे रंगकाम नव्हे." ते बोलत होते, खुशीत होते, पण बोलत होते ते पट्टीशी. वहिनी मागे मागे चालत होत्या. शेवटी एका दालनात पाय अगदीच टेकवेना, तेव्हा त्यांनी समोरच्या भिंतीशी थांबून उजव्या पायातला बूट काढला आणि हातात धरला.

समोर एका गुबगुबीत, श्रीमंत बाईचं चित्र होतं, आणि त्याच्या फ्रेमपाशी चौकटराव. वहिनींच्या नजरेला काहीतरी खटकलं. चित्र वाकडं होतं. डावी बाजू खाली गेली होती. आता याला कुणी काय म्हणावं! एवढ्या वर्षांची जीभ, ती मेंदूला विचारायला थांबते थोडीच?

"डावी बाजू वर," वहिनी म्हणाल्या.

आणि एवढ्या वर्षांचे हात, तेही कुणाला विचारायला थांबले नाहीत. चौकटरावांनी दोन्ही अंगठे फ्रेमच्या खाली घातले आणि डावी बाजू उचलली.

"जरा. अजून जरा."

वहिनींना 'बास' म्हणता आलं नाही. त्याआधीच छतातून असा काही भोंगा वाजला की दालनातली पोरं रडायला लागली. दोन्ही दारांनी पहारेकरी धावत आले. चौकटराव अंगठे वर करून तसेच उभे होते आणि मागे वळून बायकोला विचारत होते, "झालं का सरळ?"

दोघांना एका खोलीत नेऊन बसवलं. टेबलामागे एक उंच, करड्या केसांच्या अधिकारीणबाई होत्या. त्यांनी आपला फोन मध्ये ठेवला आणि त्या त्यांच्या भाषेत बोलल्या. लगेच फोनमधून बातम्या वाचल्यासारखं मराठी ऐकू आलं, "आपण कलाकृतीस स्पर्श का केलात?"

"वाकडं होतं म्हणून," चौकटराव म्हणाले.

फोननं ते बाईंना सांगितलं. बाईंनी भुवया उंचावल्या. वहिनींनी मग सगळं समजावून दिलं: आमचं दुकान, हे शिडीवर, मी भिंतीशी, मी बास म्हणते तेव्हा हे थांबतात. हातवारे करून करून त्यांना घाम फुटला. बाई शांतपणे उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचा पडदा चालू केला. दालनातल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं.

पडद्यावर आधी चौकटराव दिसले, पाठमोरे, फ्रेमला चिकटलेले. मग मागे वहिनी दिसल्या. डाव्या पायात जाड तळव्याचा बूट, उजवा पाय अनवाणी, बूट हातात, आणि अंग सगळं एका बाजूला कललेलं. मान तर अशी तिरकी की शेजारचं सरळ दारही त्यांना वाकडं दिसलं असतं. चित्र मुळात सरळच होतं. चौकटरावांचे अंगठे लागल्यावर ते वाकडं झालं, तेही पडद्यावर स्पष्ट दिसलं.

एक पहारेकरी आधी फिसकला. मग दुसरा. अधिकारीणबाईंनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. वहिनींनाही हसू आवरेना. लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. एकटे चौकटराव पडद्याकडे टक लावून बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाकडासारखा झाला.

चित्राला काही इजा झाली नव्हती. बाईंनी बोट नाचवून ताकीद दिली, त्या दालनात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं, आणि सोडून दिलं. बाहेर पडताना त्यांनी वहिनींना टाचेला लावायची चिकटपट्टीही दिली.

संग्रहालयासमोरच्या बाकावर दोघं बसले. वहिनी पट्टी लावत होत्या. चौकटराव समोर बघत होते.

"बास झालं," ते म्हणाले. "उद्या घरी."

"अहो, एवढं काय मनावर घ्यायचं? हसले ते, फाशी नाही दिली."

"उभ्या आयुष्यात माझ्या हातून चित्र वाकडं लागलं नव्हतं. तू म्हणालीस वर, म्हणून मी केलं."

आता मात्र वहिनींचा पारा चढला. "मी म्हणाले आणि तुम्ही केलंत! बाग बघा म्हणाले, बघितलीत? पूल बघा म्हणाले, बघितलात? आल्यापासून मी म्हणतेय ते एक ऐकलं नाहीत, आणि नेमकं तिथे ऐकलंत!"

चौकटरावांनी खिशातून फोन काढला. तो बघून वहिनींच्या आत इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

"खरं सांगू? मला भीती वाटते. दुकान बंद असलं की आपल्याला एकमेकांशी बोलताच येत नाही. मला वाटलं होतं, इथे येऊन तरी बोलू. इथेही दुकानच निघालं. तुम्ही जा घरी. मी जाणार पुढे."

"कुठे पुढे?"

"दुसऱ्या शहरात."

"एकटी? तुला लिफ्ट चालवता येत नाही."

"जिने असतील," वहिनी म्हणाल्या, दुखऱ्या पायात बूट घातला आणि लंगडत पण ताठ मानेनं निघून गेल्या.

पहिल्याच कोपऱ्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. "बाबांचं गाडीचं तिकीट रद्द कर. माझं राहू दे."

"आई, बरी आहेस ना? बाबा एकटे घरी कसे येतील? विमानतळ तरी सापडेल का त्यांना?"

"दारांच्या चौकटी बघत बघत पोचतील. तू कर रद्द."

मग त्या हिंडल्या. रुळांवरून चालणाऱ्या लांबलचक बसमध्ये बसल्या, मनाला येईल तिथे उतरल्या, खुणा करून आइस्क्रीम घेतलं. एक माणूस दोरीवर उभा राहून सायकलची चाकं फेकत होता, ते बघताना त्यांनी खुशीत मान वळवली आणि म्हणाल्या, "अहो, बघा!" शेजारी एक अनोळखी तरुणी होती. ती गोड हसली. वहिनींना एकदम एकटं वाटलं, आणि एकटं वाटलं याचा रागही आला. ज्या माणसानं कुंपणाचा गंज सोडून काही बघितलं नाही, त्याची आठवण यायचं कारणच काय? पण आठवण कारण विचारून येत नाही. आइस्क्रीम अर्धं राहिलं आणि त्या परत फिरल्या.

बाकावर कुणी नव्हतं.

हॉटेलचं कार्ड, पत्ता, सगळं वहिनींच्या पिशवीत होतं. चौकटरावांना हॉटेलचं नावही सांगता आलं नसतं. फोन लावला तर फोन बंद. मेहुण्याशी बोलून बोलून त्यातला जीव गेलेला असणार. त्यांनी बाकाखालीसुद्धा वाकून बघितलं, जणू नवरा म्हणजे पडलेली छत्री. मग धावत संग्रहालयाच्या दाराशी गेल्या. दारावर मघाचाच पहारेकरी होता. तो वहिनींना बघून हसला, आधी त्यानं त्यांच्या पायांकडे बोट केलं, दोन्ही बूट आहेत अशी खात्री करून घेतली, आणि मग अंगठ्यानं आत खूण केली.

चौकटराव एका भल्यामोठ्या दालनात सापडले. बंदी होती ते नव्हे, त्याच्या पलीकडचं. त्यांच्या बाजूला एक पहारेकरी मुद्दाम नेमल्यासारखा उभा होता. चौकटरावांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते आणि ते चित्रापासून जेवढं लांब जाता येईल तेवढे लांब, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे होते.

"अहो! जीव गेला ना माझा. इथे काय करताय?"

"लांबून बघतोय," ते म्हणाले. नजर चित्रावरच होती. "तुझा पाय कसा आहे?"

या माणसानं याआधी असा प्रश्न कधी विचारला होता, ते वहिनींना आठवेना.

"बूट चावत होता, हे मला त्या पडद्यावर कळलं," चौकटराव म्हणाले. "मला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं. सकाळी. तुम्ही फोनवर होतात."

चौकटरावांनी मान हलवली. सगळे हसत होते तेव्हा त्यांना लाज वाटली ती चित्राची नव्हतीच, बायकोचा दुखरा पाय आपल्याला पडद्यावर दिसावा लागला याची होती. ते म्हणाले, "एवढी वर्षं तू अशी लांब उभी राहायचीस. काय दिसायचं तुला इथून?"

"चित्र."

"आणि?"

"आधी तुमची पाठ," वहिनी म्हणाल्या. "चित्र मग."

हे त्यांनी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. पण चौकटरावांनी चित्रावरची नजर काढून वहिनींकडे बघितलं. ते भिंतीला धरून थोडे बाजूला सरकले आणि शेजारी जागा करून म्हणाले, "इकडे ये. इथे उभी राहा."

चित्र एका बाजाराचं होतं, माणसांनी गच्च भरलेलं. दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघू लागले. "तो कोपऱ्यातला बघ," चौकटराव म्हणाले, आणि वहिनींना वाटलं आता सांधा निघणार. "तो जाड्या. झोपलाय. आणि कुत्रा त्याच्या टोपलीत तोंड घालतोय."

"आणि त्याची बायको बघतेय, पण हाकलत नाही कुत्र्याला."

"का हाकलत नाही?"

"रागावलीय. खाऊ दे म्हणतेय मेल्याचं सगळं."

चौकटराव हसले, चांगले मोठ्यांदा. पहारेकरी दचकून पुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला दोन्ही हात मागेच असल्याचं वळून दाखवलं. दालन बंद व्हायची घंटा झाली तरी त्या चित्रातली अर्धी माणसं बघायची राहिली होती.

पायऱ्या उतरताना चौकटराव म्हणाले, "मुलीला कळव, तिकिटं राहू देत म्हणावं."

वहिनी जागीच थांबल्या. "तुमचं मी रद्द केलं."

"कुणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात ना, उद्या घरी!"

"आयुष्यात एकदा मी म्हणालो ते केलंस, आणि नेमकं तिथे केलंस," चौकटराव म्हणाले. मग दोघंही पायऱ्यांवर बसून हसत सुटले, आणि येणारेजाणारे त्यांना वळसा घालून गेले.

मुलीनं पुन्हा तिकीट काढलं, पण गाडी भरलेली. जागा मिळाली ती पार दुसऱ्या टोकाच्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटायच्या आधी चौकटरावांनी वहिनींना त्यांच्या डब्यात नेऊन बसवलं, पिशवी वर ठेवली, बूट ढिले करून दिले आणि ते निघाले. वहिनी खिडकीतून बघत राहिल्या. मनात म्हणाल्या, बसले तरी गाडीत, हेही नसे थोडके. शेजारच्या जागेवर एक धिप्पाड, दाढीवाला माणूस येऊन बसला आणि त्यानं वर्तमानपत्र उघडलं.

गाडी हलली तेवढ्यात डब्याचं दार उघडलं. चौकटराव परत आले होते. ज्यांनी आयुष्यात कुणाकडे रस्ता विचारला नाही, चहात साखर कमी झाली तरी मागितली नाही, ते चौकटराव त्या दाढीवाल्यासमोर हात जोडून उभे राहिले. भाषेचा प्रश्न त्यांनी काढलाच नाही. सरळ मराठीत, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, ही माझी बायको आहे. मला हिच्याशी बोलायचंय."

दाढीवाल्यानं वर बघितलं. मग वहिनींकडे बघितलं. वहिनींचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. त्याला शब्द एक कळला नाही, पण तो उठला. वर्तमानपत्राची घडी केली, चौकटरावांच्या हातातलं तिकीट घेतलं, त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि पलीकडच्या डब्याकडे चालू लागला.

चौकटराव बसले. गाडीनं वेग घेतला. शहर मागे पडलं, बाहेर शेतं लागली, एक नदी आली आणि गेली. चौकटरावांनी दोनदा घसा साफ केला, गुडघ्यांवरून हात फिरवले, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा आत बघितलं.

"बोला की," वहिनी म्हणाल्या.

"थांब गं जरा," चौकटराव म्हणाले. "सुरुवात करतोय."